नावांची रुजवात

ज्याच्या टेबलावर दोन याद्या एकाच वेळी येऊन पडतात, एक शाळेच्या जनरल रजिस्टरवरून उतरवलेली आणि दुसरी बँकेच्या शाखेकडून आलेली, आणि या यादीतला कोणता विद्यार्थी म्हणजे त्या यादीतला कोणता खातेदार हे ठरवून ज्याला संध्याकाळच्या आत वरच्या कचेरीला कळवायचे असते, त्याला प्रस्तुत पुस्तकाचा विषय निराळा समजावून सांगावा लागणार नाही. शिष्यवृत्ती, पीकविमा, निवृत्तिवेतन, लसीकरण, सभासदांचा लाभांश, मतदारयादीची दुरुस्ती, आजच्या कारभाराचे असे एकही अंग उरलेले नाही, की ज्यात कोठे ना कोठे दोन तक्त्यांची गाठ घालावी लागत नाही. आणि ती घालताना दोन्हीकडे समान असा एकच रकाना बहुधा हाती लागतो, तो म्हणजे नावाचा. हे काम हलके समजले जाते, सर्वांत कनिष्ठ लिपिकाकडे सोपवले जाते, आणि संगणकाने करून दिले म्हणून त्याचा निकाल कोणी तपासून पाहत नाही. माझ्या मते, कारभारातील जी थोडी कामे न्यायदानाच्या जवळ जातात त्यांपैकी हे एक आहे. कारण दोन ओळी एकत्र करणे म्हणजे दोन ठिकाणी नोंदलेला इसम एकच आहे असा निवाडा देणे होय, आणि त्या निवाड्याप्रमाणे कोणाच्या तरी पदरात पैसे पडतात किंवा पडत नाहीत.

यंत्र हा निवाडा कसा देते ते आधी पाहिले पाहिजे. समजा, एका तालुक्याच्या यादीत ‘संजय शंकर पाटील’ हे नाव तीनदा आले आहे आणि बँकेच्या यादीतही ते तीनदा आहे. एक्सेलमधील व्हीलुकअप या सूत्राला हे नाव शोधावयास सांगितले, तर ते वरून खाली येत पहिला संजय शंकर पाटील जेथे भेटतो तेथेच थांबते आणि त्याचाच खातेक्रमांक तिघांच्याही नावापुढे घालून मोकळे होते. त्या सूत्राच्या चौथ्या जागी तंतोतंत जुळणी हवी असे बजावले नाही, तर यादी अकारविल्हे लावलेली आहे असे गृहीत धरून ते जवळपासचे भलतेच नावही उचलते. अलीकडचे एक्सलुकअप तंतोतंत जुळणीच धरून चालते, परंतु पहिल्या नावापाशी थांबण्याची रीत त्याचीही तीच. नाव मुळीच सापडले नाही तर ही सूत्रे तसा शेरा मारतात. एकाहून अधिक सापडली तर मात्र अवाक्षर काढत नाहीत. याउलट पॉवर क्वेरीने किंवा डेटाबेसच्या पद्धतीने हेच दोन तक्ते जोडले, तर इकडचे तीन आणि तिकडचे तीन मिळून नऊ ओळी उभ्या राहतात आणि त्या नावापुढील रकमेची बेरीज तिप्पट होते. दोन्ही निकाल चुकीचेच. पण दुसरी चूक बेरजेत उघडी पडते आणि पहिली कोठेच दिसत नाही, म्हणून जुळणीपूर्वी आणि जुळणीनंतर ओळींची संख्या व रकमेची बेरीज ताडून पाहण्याचा जो परिपाठ पुढील प्रकरणांतून पुन्हापुन्हा सांगितला आहे, तोही एकटा पुरा पडत नाही हे वाचकाने प्रथमच ध्यानात घ्यावे.

नावे सारखी का येतात, याचे आपल्यापुरते उत्तर आपल्या घराघरांत आहे. नातवाला आजोबांचे नाव देण्याची चाल ज्या समाजात पिढ्यान् पिढ्या चालली, त्या समाजात वडिलांचे नाव मध्ये घालूनही वेगळेपणा पुरता साधत नाही. पेशव्यांचे घराणेच पाहावे. बाळाजी विश्वनाथ यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव, आणि त्यांचे पुत्र माधवराव बल्लाळ. म्हणजे बाजीरावांच्या नावापुढील ‘बल्लाळ’ आणि माधवरावांच्या नावापुढील ‘बल्लाळ’ अक्षराने एक असून व्यक्तीने दोन आहेत, एक आजोबा आणि एक त्यांचा नातू. शेवटी रघुनाथरावांच्या पुत्राचे नाव पुन्हा बाजीराव, आणि नारायणरावांच्या पुत्राचे पुन्हा माधवराव. ज्या संशोधकांनी पेशवे दप्तराचे रुमाल सोडले, आणि ज्यांच्यापैकी गो. स. सरदेसाई यांनी त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून प्रसिद्ध केले, त्यांना हा प्रश्न पदोपदी पडत असे. आणि कालोल्लेख अपुरा असलेल्या पत्रातला माधवराव कोणता, हे त्यांना मायन्यावरून, अक्षरवळणावरून, मजकुरात आलेल्या इतर माणसांवरून आणि मुक्कामाच्या गावावरून ठरवावे लागे. नाव ही त्यांच्या लेखी एक साक्ष होती, आणि एका साक्षीवर ते निकाल देत नसत. आजच्या तक्त्यावर काम करणाऱ्याने त्यांच्यापासून घेण्यासारखे जे आहे ते एवढेच, पण ते फार मोठे आहे.

माणसांची जी गोष्ट तीच गावांची. एका पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे, वडगाव निंबाळकर आहे. आणि त्यांतील प्रत्येक गावचा रहिवासी आपले गाव सांगताना नुसते वडगावच सांगतो. टपाल खात्याला या गोंधळाची झळ फार लागत असे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला तो ज्यांच्या कर्तृत्वामुळे, ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत भाषेचे पंडित आणि कवी होते, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे: ज्याचे अवघे आयुष्य शब्दांच्या सहवासात गेले, त्यानेच केवळ नावावर विसंबून पत्र पोचणार नाही हे ओळखून नावाच्या जोडीला आकडा दिला.

तरीही आकड्यांच्या आधी माणसे ही जुळणी करीतच होती, आणि ती किती शास्त्रशुद्ध रीतीने करीत होती हे पाहावयाचे असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. यात्रेकरू आला म्हणजे उपाध्याय त्याचे स्वतःचे नाव आधी विचारीत नाहीत. मूळ गाव विचारतात आणि आडनाव विचारतात. त्या दोन उत्तरांनी शेकडो वह्यांतून एक वही आणि तीतली थोडी पाने एवढेच क्षेत्र उरते. मग वडील, आजोबा, चुलते, पूर्वी घराण्यातून कोण कोणत्या निमित्ताने येऊन गेले, अशी एकेक खूण विचारीत ते त्या पानावरील नोंदीपर्यंत येतात. यात्रेकरूला ठाऊक असलेली आणि वहीत लिहिलेली नावे एकामागून एक मिळू लागली, म्हणजे मगच नवी ओळ त्याच घराण्याखाली लिहिली जाते. प्रथम क्षेत्र मर्यादित करणे आणि नंतर त्या मर्यादेत अनेक स्वतंत्र खुणांनी खात्री करून घेणे, ही जी दोन पावले, त्यांवरच आजच्या संगणकीय जुळणीची सारी इमारत उभी आहे. ५,००० नावांची एक यादी आणि ६,००० नावांची दुसरी यांतील प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडावयाचे तर तीन कोटी जोड्या होतात. प्रथम गावागावांचे गट पाडले तर तेच काम साध्या संगणकाच्या आटोक्यात येते.

हे सर्व दोन्हीकडे नाव सारखे लिहिलेले आहे असे मानून झाले. प्रत्यक्षात तसे ते नसते. ‘सुनीता’ एकीकडे दीर्घ आणि दुसरीकडे ‘सुनिता’ ऱ्हस्व. ‘पांडुरंग’ कोठे ‘पांडूरंग’. रोमन लिपीत तर एकच ज्ञानेश्वर कोणाच्या दाखल्यावर ‘डी’पासून सुरू होतो आणि कोणाच्या ‘जी’पासून. याहून अवघड प्रकार तो, की ज्यात डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ या आडनावांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी साठवला जाऊ शकतो, आणि ‘ॲ’ हे अक्षर एका संकेताने किंवा ‘अ’वर चंद्र देऊन असे दोन प्रकारे, पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब एक, आणि संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. नावाच्या शेवटी नकळत राहिलेली एक रिकामी जागा तेवढाच घोळ करते. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेल्या जुन्या याद्यांत तर पडद्यावरील मराठी अक्षरांच्या पोटी भलतीच रोमन अक्षरे साठवलेली असतात. म्हणून या पुस्तकात शुद्धलेखनाच्या सुधारणेला आणि संकेतांच्या एकीकरणाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. ते कंटाळवाणे वाटले तरी गाळू नये अशी विनंती आहे.

यापेक्षाही ज्याची मला अधिक काळजी वाटते तो प्रश्न स्त्रियांच्या नावांचा. विवाहानंतर आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आणि काही घरांत खुद्द पहिले नावही बदलले जाते. तसे झाले, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील मुलगी आणि मतदारयादीतील स्त्री यांच्यात वयाशिवाय समान असे काही उरतच नाही. घटस्फोट किंवा पुनर्विवाह झाला असेल तर आणखी एक फेरा पडतो. जुळणीचा जो निकष पुरुषांच्या यादीवर शंभरात पाच चुका करील, तोच स्त्रियांच्या यादीवर कितीतरी अधिक करील, आणि ‘नाव जुळत नाही’ या एका शेऱ्यावर विधवेचे निवृत्तिवेतन किंवा मुलीचा वारसाहक्क अडून राहील. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा शासकीय दस्तऐवजांतील क्रम ठरवला, ही गोष्ट अत्यंत योग्य झाली, आणि ओळख पटवण्याची एक नवी खूणही तिने आपल्याला दिली. पण पुढील अनेक वर्षे एकाच मुलाचे नाव एका यादीत तीन पदांचे आणि दुसरीत चार पदांचे राहणार आहे, याची तजवीज जुळणी करणाराने आतापासूनच ठेवली पाहिजे.

नाव अपुरे पडते म्हटले की जन्मतारीख जोडा असा सल्ला कोणीही देतो, आणि तो वाईट नाही. परंतु आपल्याकडे एका पिढीच्या जन्माची नोंद कोठेच झालेली नव्हती; शाळेत नाव घालताना गुरुजींनी, शाळा जूनमध्ये उघडते त्या हिशेबाने, १ जून ही तारीख घालून दिली, आणि वर्ष अंदाजाने. त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या याद्यांत १ जूनचे वाढदिवस इतके आढळतात, की त्या तारखेची जुळणी ही जुळणीच मानता येत नाही. त्यातून तक्ता परदेशी मांडणीचा असेल, तर १/६ ही तारीख तो ६ जानेवारी म्हणून वाचतो आणि तशीच दुसरीकडे पाठवून देतो. तारीख अस्सल असली तरी योगायोगाला माणूस समजतो त्याहून अधिक वाव असतो. एकाच नावाची १६० माणसे घेतली आणि त्यांचे जन्म पन्नास वर्षांत सारखे विखुरलेले आहेत असे धरले, तरी त्यांच्यातील कोणत्या ना कोणत्या दोघांची जन्मतारीख वर्षासकट एकच निघण्याचा संभव जवळजवळ निम्मा असतो. आणि आपल्या राज्याच्या मतदारयादीत एखाद्या सर्वसाधारण नावाची माणसे १६० हून कितीतरी अधिक असणार.

या विषयाचे शास्त्र अन्यत्र जन्मले ते लोकसंख्येच्या आणि आरोग्याच्या नोंदींतून. उच्चारात सारख्या आडनावांना एकच संकेत देणारी साउंडेक्स ही पद्धत अमेरिकेत १९१८ मध्ये रॉबर्ट रसेल यांनी पेटंट करून घेतली. ती इंग्रजी कानांसाठी बांधलेली आहे. रोमन लिपीत लिहिलेल्या ‘पाटील’ आणि ‘पटेल’ या दोन आडनावांना ती एकच संकेत देते, आणि ‘डी’च्या ज्ञानेश्वराला व ‘जी’च्या ज्ञानेश्वराला दोन वेगळे, म्हणजे जेथे फरक हवा तेथे तो पुसते आणि जेथे नको तेथे घालते. १९४६ मध्ये हॅल्बर्ट डन यांनी एका माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र बांधण्याची कल्पना मांडली. पण खरे पाऊल पुढे पडले ते १९५९ मध्ये, जेव्हा कॅनडातील आनुवंशशास्त्रज्ञ हॉवर्ड न्यूकोम आणि त्यांचे सहकारी यांनी विवाहाच्या व जन्माच्या नोंदी संगणकाकडून जुळवून घेतल्या. त्यांनी जे ओळखले ते ऐकताना साधे वाटते: प्रत्येक जुळणीचे वजन सारखे नसते. दोन्ही याद्यांत ‘पाटील’ असणे ही फारशी साक्ष नव्हे, कारण पाटील गावोगाव आहेत. शंभर गावांत एखाद्याच घराचे असे आडनाव दोन्हीकडे आढळले, तर ती भारी साक्ष. १९६९ मध्ये आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर यांनी या विचाराला गणिताचा पाया दिला, आणि त्या गणितात जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती ही, की त्यांनी निकाल दोन ठेवले नाहीत, तीन ठेवले: जुळते, जुळत नाही, आणि माणसाने पाहावे असे संशयित.

तिसऱ्या निकालाची गरज किती खरी आहे, हे एका उदाहरणाने पटेल. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरखुणा बदलाव्या, घालाव्या किंवा गाळाव्या लागतात हे मोजण्याची रीत सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेवेनश्टाइन यांच्या नावाने ओळखली जाते. त्या मापाने ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांच्यात अंतर एक, आणि ती बहुधा एकच स्त्री. त्याच मापाने ‘रमेश’ आणि ‘उमेश’ यांच्यातही अंतर एक. पण ते बहुधा दोघे भाऊ, वडिलांचे नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, घरक्रमांकही तोच, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर एकाच गटात नावे. कोणतेही सूत्र या दोन जोड्यांतला भेद आपल्या बळावर सांगू शकणार नाही. तो गावचा तलाठी सांगेल, शाळेतले शिक्षक सांगतील, आणि सर्वांत आधी ते भाऊ स्वतः सांगतील, त्यांना कोणी विचारले तर.

मग नाव सोडून क्रमांकच का वापरू नये, असे वाचक म्हणेल, आणि जेथे विश्वासाचा क्रमांक दोन्ही याद्यांत आहे तेथे तोच वापरावा, यात दुमत नाही. भारतात पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी. त्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरांचा पडताळा असल्यामुळे टंकताना एखादा अंक चुकला तर ती चूक तेथल्या तेथे ओळखता येते. पण २०१६ च्या आधार कायद्याने हा क्रमांक उघडपणे प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे, आणि तो प्रत्येक तक्त्यात घालून कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरवणे हे माणसाच्या खाजगीपणाशी खेळणे आहे. आपल्या यादीपुरता आपला अनुक्रमांक निर्माण करून तो कायम ठेवणे, हा अधिक सभ्य मार्ग. शिवाय क्रमांकांनाही आपले रोग असतात. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक जपते. सोळा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून टंकला, तर त्याचा शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो, आणि आरंभीचे शून्य तर गळूनच पडते. असे क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावेत, आणि तेही रकाना भरण्यापूर्वी तसे ठरवून. नंतर रूप बदलल्याने गेलेला अंक परत येत नाही.

जुळणीत दोन प्रकारच्या चुका होतात: दोन माणसांना एक मानणे आणि एका माणसाला दोन मानणे. यांपैकी कोणती अधिक घातक, हे सूत्र लिहिण्यापूर्वी ठरले पाहिजे, आणि ते काम काय आहे यावर ठरते. लसीकरणाच्या यादीत एका मुलाची दोनदा नोंद झाली तर आरोग्यसेविकेला एक हेलपाटा जास्त पडेल, पण दोन मुलांची मिळून एक नोंद झाली तर एक मूल लसीवाचून राहील. हक्क काढून घेण्याच्या कामात तर ढिली जुळणी हा अन्यायच होय. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी गुन्हेगारांची यादी आणि मतदारयादी यांची गाठ ढिल्या निकषांनी घातली गेली, आणि ज्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता अशांची नावे वगळावयाच्या यादीत येऊन बसली. त्या राज्याचा निकाल अखेर ५३७ मतांच्या फरकाने लागला. ज्या यादीच्या आधारे कोणाचे नाव कमी व्हावयाचे आहे, तिच्यातील प्रत्येक संशयित जोडीबाबत त्या माणसाला आधी कळवले गेले पाहिजे आणि त्याची हरकत ऐकली गेली पाहिजे. फेरफाराची नोंद प्रमाणित करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देण्याची जी पद्धत आपल्या महसूल खात्यात रुजलेली आहे, तिच्यातील न्याय येथेही तंतोतंत लागू आहे.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक जुळणीच्या ओळीपुढे तीन रकाने अधिक मागितले आहेत: जोडी कोणत्या खुणांवरून जुळवली, कोणी जुळवली, आणि कोणत्या तारखेस. ही मागणी काहींना जाचक वाटेल. पण वर्षभराने एखादा खातेदार कचेरीच्या दारात उभा राहून आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यावर कसे गेले असे विचारू लागला, तर त्याला उत्तर देण्याचे साधन या तीन रकान्यांशिवाय दुसरे कोणाजवळ असणार नाही. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने स्वतःजवळची एखादी यादी घ्यावी, मूळ प्रतीला हात न लावता तिची नक्कल करावी, आणि काउंटइफ या सूत्राने कोणते नाव किती वेळा आले आहे ते एका नव्या रकान्यात मोजून ठेवावे; पुढील सर्व प्रकरणे, त्या रकान्यात जेथे एकाहून मोठा आकडा दिसेल, तेथून सुरू होतात.